बारशाची दुभाषी

शनिवारी सकाळी साडेनऊला, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरात घुगऱ्यांना फोडणी बसत असताना, रेणूने आईला सांगितलं की आज ती खुणा करणार नाही.

मीनाक्षीबाईंच्या हातातला हिंगाचा डबा हातातच राहिला.

"करणार नाहीस म्हणजे? मग ईशानला कोण सांगणार?"

"सिया सांगेल."

"कोण सिया?"

"आई, तीनदा सांगितलंय तुला. माझ्याकडे शिकते ती. शिकागोची."

"ती मिठाईवाल्यांची?"

"तिच्या आईवडिलांचं दुकान आहे डेव्हन ॲव्हेन्यूवर. ती स्वतः इंटरप्रिटर आहे. डिग्री घेतलीय."

"घरची असताना बाहेरची कशाला गं? लोक म्हणतील, सख्खी बहीण भावासाठी हात हलवत नाही."

रेणूने गॅस बारीक केला. हे बोलणं या ओट्यावर कधीतरी होणार हे तिला ठाऊक होतं, फक्त फोडणीच्या वेळी होईल असं वाटलं नव्हतं. वयाच्या आठव्या वर्षापासून ती या घरातला दुवा होती. ईशानच्या शाळेतली मीटिंग, डेंटिस्ट, मुंजीतले गुरुजी, सगळीकडे मोठी माणसं बोलायची आणि मध्ये उभी राहून ती ऐकू न येणाऱ्या लहान भावाला खुणांनी सांगायची. पुढे तिने त्याचंच शिक्षण घेतलं, परीक्षा दिल्या, नाव कमावलं. पण घरात तिचं काम बदललं नाही. ईशानच्या लग्नात ती करवली होती. एजन्सीने पाठवलेल्या गोऱ्या बाईने मंगलाष्टकं सुरू होताच ईशानला सांगितलं, "परक्या भाषेत गाणं चालू आहे," आणि हात खाली घेतले. ते गाणं वीस मिनिटं चाललं. पाचव्या मिनिटाला रेणू हातातला करा दुसरीकडे देऊन नऊवारीत अंतरपाटाशेजारी जाऊन उभी राहिली. लग्नाच्या एकाही फोटोत ती करवली म्हणून दिसत नाही.

आणि बाबांच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर जे बोलले, ते तिने आधी ईशानला सांगितलं. स्वतःला नंतर कळलं.

"आज मी आत्या आहे," ती म्हणाली. "ईशानचीच अट आहे. तो म्हणाला, तू पाहुणी म्हणून येणार नसशील तर मी बारसंच करत नाही."

"तो काहीही म्हणतो."

"आई, बाळाला ऐकू येतं."

"देवाची कृपा."

"हो. मग ती आठ वर्षांची झाली की तिलाही मध्ये उभी करशील?"

बाळाच्या कानांच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी ईशानने सगळ्यांना व्हिडिओ पाठवला होता. त्यात त्याने बाळाकडे बोट दाखवून "ऐकू येतं, बिचारी" अशी खूण केली होती, आणि त्याची बायको उल्का, जी स्वतःही जन्मापासून डेफ, मागे पोट धरून हसत होती. मीनाक्षीबाईंना त्या व्हिडिओत हसण्यासारखं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं. आत्ताही त्यांनी तो विषय वाढवला नाही. हिंग घातला आणि म्हणाल्या, "तिला घुगऱ्या म्हणजे काय ते तरी माहितीय का?"

"दुकानात वाढलीय ती."

"दुकानात काजुकतली असते."

बारावा दिवस गाठणं इथे कुणाला जमत नाही. बारशाला शनिवार लागतो. त्यामुळे बाळ आता अडीच महिन्यांचं होतं आणि स्वतःच्या बारशाला मान धरून येणार होतं. मराठी मंडळाचा लाकडी पाळणा आदल्या दिवशी शेजारच्या कॅरीतल्या एका गॅरेजातून आला होता आणि ओहायोतल्या डब्लिनहून आलेले नरेंद्रकाका त्याची साखळी अडकवत बसले होते. नरेंद्रकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांची बायको शैलाकाकू सोफ्यावर बसून साखळी कशी अडकवायची ते सांगत होत्या.

दारावरची बेल वाजली की दिवाणखान्यातला दिवा उघडमीट होतो, तसा झाला. रेणूने दार उघडलं. सिया दारात उभी होती, गळ्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत.

"रेणूताई, सॉरी, लवकर आले का?"

रेणूच्या काही बोलण्याआधी मागून शैलाकाकूंचा आवाज आला. "बारशाला काळं? अगं, बाळाला तीट लावतात तेवढं काळं पुरे!"

सियाचा चेहरा पडला. "काकू, कॉलेजमध्ये असंच सांगितलं. इंटरप्रिटरने ऑलवेज ब्लॅक घालायचं."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या प्रोफेसरनी."

"गोऱ्या असतील," रेणू म्हणाली. तिने सियाचा हात धरून तो काळ्या कुर्त्यावर ठेवला. "गोरा हात काळ्यावर उठून दिसतो म्हणून तो नियम. तुझा माझा हात बघ. लांबून कुणाला दिसेल? मलाही तेच शिकवलं होतं. वर्गात मी एकटीच अशी, मग विचारणार कुणाला? दोन वर्षं काळे कपडे घालून फिरले. शेवटी माझ्या गुरूंनी, मिस लोरेनने, आपला बिस्किटी रंगाचा स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला."

शैलाकाकूंना हाताचं आणि कापडाचं हे शास्त्र कळलं नाही, पण मुलीला काळ्यातून बाहेर काढायचं यावर दोघींचं एकमत होतं. त्यांनी बॅगेतून आपला मोतिया रंगाचा कुर्ता काढला. तो सियाला बाह्यांत मोठा झाला. रेणूने दोन पिना लावल्या. काकू हिरव्या बांगड्या घेऊन पुढे झाल्या तेव्हा मात्र सियाने हात मागे घेतला. "काकू, प्रोग्रॅम झाल्यावर नक्की. आत्ता त्या हलल्या की लोक बांगड्याच बघतील."

"बघू देत की."

"मग मी काय बोलते ते कोण बघणार?"

काकूंनी बांगड्या पुन्हा पिशवीत टाकल्या. "शिष्ट आहे," त्या जावेला म्हणाल्या. ते ऐकून मीनाक्षीबाईंना बरं वाटलं.

साडेअकरापर्यंत घर भरलं. निम्मे पाहुणे मंडळाचे, निम्मे ईशान-उल्काचे डेफ मित्र. मंडळाच्या बायका पाळण्याभोवती जमल्या आणि डेफ मंडळींनी न बोलता खुर्च्यांचा अर्धा गोल केला, म्हणजे सगळ्यांना सगळे दिसतील. मिस लोरेन डरमहून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, काळ्या, डोक्यावर पिवळी हॅट. लहानपणी त्या रॅलेत काळ्या मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या डेफ शाळेत शिकल्या होत्या. त्या शाळेतली माणसं दोन्ही हातांनी, खांद्यापासून, ऐसपैस बोलायची, आणि मिस लोरेन अजून तशाच बोलतात. गेली सहा वर्षं त्या आणि रेणू मिळून अशा मुलामुलींना इंटरप्रिटर म्हणून तयार करत होत्या ज्यांना वर्गात, दवाखान्यात, कोर्टात आपल्यासारखं दुसरं कुणी दिसत नाही आणि म्हणून जे वर्षा-दोन वर्षांत हे काम सोडून देतात. त्यांचा एक नियम होता. दोघींनी हो म्हटलं, तरच शिकणारा एकटा दवाखान्यात जाईल. एकीचा हो पुरत नाही.

सियाला रेणूचा हो केव्हाच मिळाला होता. मिस लोरेनचा मिळाला नव्हता. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात मोठे डॉक्टर खोलीत आले, सिया अदबीने दोन पावलं मागे सरकली आणि पेशंटला ती दिसेनाशी झाली. डॉक्टर बोलून निघून गेले, पेशंटला त्यातलं काहीच पोचलं नाही. मिस लोरेनने त्यावर एवढंच म्हटलं होतं: "ती जागा सोडते."

आज मिस लोरेन पाहुण्या होत्या. पण त्यांच्या डोळ्यांना सुट्टी नसते, हे सियालाही माहीत होतं.

पहिली ठिणगी चहाच्या वेळी उडाली. उल्का बाळाला घेऊन सोफ्यावर बसली होती. नागपूरहून येऊन तिला आठ वर्षं झाली होती. तिच्या अमेरिकन खुणांत मध्येच एखादी नागपुरी खूण डोकवायची, आणि सिया त्या खुणा महिनाभर तिच्याकडून शिकली होती. शैलाकाकूंनी बाळाच्या गालाला हात लावला आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "मुलगी तर मुलगी. पुढच्या वेळी बघू."

रेणू चार हातांवर उभी होती. अशा वाक्यांचं काय करायचं हे तिच्या हातांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. ते वाक्य खाली पडू द्यायचं आणि 'काकू म्हणतात बाळ गोड आहे' असं सांगून मोकळं व्हायचं.

सियाने ते जसंच्या तसं सांगितलं. सूरसुद्धा.

उल्काच्या भुवया वर गेल्या. तिने बाळ ईशानकडे दिलं आणि सावकाश हात उचलले. सिया मराठीत बोलू लागली, "पुढच्या वेळी काय बघणार, काकू? आधी हिला तरी नीट बघून घ्या. चष्मा आणलाय ना?"

काकू गर्रकन सियाकडे वळल्या. "तू मला चष्मा विचारतेस?"

"मी नाही, काकू. उल्कावहिनी विचारतायत. मी फक्त..."

"म्हणजे मी बोलले ते तू तिला सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. सोडायला अलाउड नाहीये, काकू."

काकूंच्या डोक्यात काहीतरी जुळत गेलं ते रेणूला दिसलं, आणि तिने चहाचा कप तोंडाला लावला.

"मग इतकी वर्षं ही रेणू काय सांगत होती?"

ईशानने लगेच हात वर केले. तो लग्नातल्या बँडवाल्यासारखी लालभडक, जरीच्या कॉलरची शेरवानी घालून बसला होता. "काकू, माझ्या लग्नात या शेरवानीबद्दल तुम्ही काय म्हणाला होतात?" त्याचे शब्द सियाच्या तोंडून आले.

"काय म्हणाले होते? म्हटलं, नवरदेव आहेस की वाजंत्रीवाला!"

सियाने ते पोचवलं. ईशानने बहिणीकडे पाहिलं. मग इतका हसला की बाळ दचकलं. "ताईने मला सांगितलं, काकू म्हणतात तुला लाल फार शोभतं. म्हणून तर आठ वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला हीच घालतोय!"

सगळं घर हसायला लागलं. आधी डेफ मंडळी, आणि सियाचं बोलून झालं तसे ऐकणारे, मग मंडळाच्या बायका पुन्हा एकदा. नरेंद्रकाकांनी पाळण्याची साखळी सोडून डोळे पुसले. फक्त शैलाकाकू हसल्या नाहीत.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "मी एवढं तोडून बोलायचे आणि ही पोरगी पोचवायचीच नाही? मी म्हणते, हा ईशान किती गरीब स्वभावाचा, उलटून बोलत नाही. बिचाऱ्याला कळतच नव्हतं!" त्यांनी सियाच्या पाठीवर हात ठेवला. "वहिनी, ही मुलगी बरी आहे. बोललेलं जागेवर पोचतं."

मीनाक्षीबाईंना हा फितूरपणा आवडला नाही. त्या पुऱ्या लाटायला निघून गेल्या.

बाराला पाळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रेणूने हिरवी पैठणी नेसली होती. पाळण्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला शैलाकाकू. बाळाला दुपट्यात गुंडाळून एकदा पाळण्याखालून, एकदा वरून, एकमेकींच्या हातात द्यायचं होतं. एकीने 'कुणी गोविंद घ्या' म्हणायचं, दुसरीने 'कुणी गोपाळ घ्या'. बायका पुढे सरसावल्या, त्यांच्यामागे त्यांच्या मुली, त्यांच्यामागे वर धरलेले फोन.

सिया पाळण्याच्या डोक्याशी, ठरल्या जागी उभी होती. मंडळातल्या एक आजी काठी टेकत आल्या तेव्हा ती थोडी सरकली. त्यांची सून आली, तिला जागा दिली. आणखी कुणी मोठं आलं, कुणाला तरी फोटो हवा होता, आणि प्रत्येक वेळी सिया "या ना, या" म्हणत अर्धं पाऊल मागे गेली. वडीलधाऱ्यांच्या पुढे उभं राहायचं नाही हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात गल्ल्याशेजारी वाढताना ते अंगात मुरलं होतं. रेणूने मान वर केली तेव्हा मोतिया कुर्ता स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला होता. हात चालू होते, पण ते आता फ्रीजखेरीज कुणाला दिसत नव्हते.

खुर्च्यांच्या अर्ध्या गोलात माना इकडेतिकडे होऊ लागल्या. मग स्थिर झाल्या. रेणूला ती स्थिरता लहानपणापासून माहीत होती. काहीतरी चाललंय, आपल्याला कळत नाहीये, संपेल कधीतरी, असा तो चेहरा. शेवटी तो उल्काच्या तोंडावर आला. बाळाची आई स्वतःच्या बाळाच्या बारशाला फोनच्या पाठी बघत बसली होती.

"रेणू!" पुरीचं पीठ लागलेल्या हातांनी मीनाक्षीबाई दारातून म्हणाल्या. "अगं, दाखव ना त्यांना! बघत काय बसलीस?"

रेणूच्या हातात बाळ होतं. ते समोर काकूंकडे द्यायला एक क्षण पुरला असता, आणि मग हात रिकामे. तिचे खांदे तसे वळलेही. तेवढ्यात गर्दीच्या वर तिला पिवळी हॅट दिसली. मिस लोरेन खुर्चीतून उठून उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही. हातांची घडी घालून त्या रेणूकडे बघत राहिल्या.

रेणूने बाळ छातीशी घट्ट धरलं. आणि थांबली.

एवढ्या वर्षांत तिने कधी शांततेत हात न हलवता उभं राहून पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगं दे ना!" तिने दिलं नाही. बाळाने तिच्या पैठणीचा काठ तोंडात घातला. दाराशी सियाचे हात थांबले होते. तिनेही आता उल्काचा चेहरा पाहिला होता.

"एक्स्क्यूज मी," सिया म्हणाली. कुणी वळलं नाही. "प्लीज, थोडं..." आजींच्या काठीपाशी ते वाक्य विरलं.

मग ती गर्दीच्या कडेने, भिंतीलगत अंग चोरत, थेट शैलाकाकूंपाशी आली आणि वाकून त्यांच्या कानाशी बोलली. पण पुरेसं मोठ्याने.

"काकू, मला तुमची मदत हवीय. उल्कावहिनींना काहीच दिसत नाहीये. तुम्ही बोललेलं एकही वाक्य पोचत नाहीये."

शेवटचं वाक्य नेमकं बसलं.

"एकही नाही?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "ए, ऐका सगळ्यांनी! मागे व्हा. मागे म्हणजे सोफ्याच्या मागे. फोन खाली. आजी, तुम्ही इथे, माझ्या शेजारी बसा, खुर्ची आणा रे आजींना. बाकीच्यांनी त्या लोकांसारखा अर्धा गोल करा. त्यांना जमतं, तुम्हाला जमत नाही? आणि ही मुलगी इथे उभी राहील. हिच्यापुढे कुणी यायचं नाही. मीसुद्धा."

दोन मिनिटांत खोलीचा नकाशा बदलला. सिया पाळण्याच्या डोक्याशी उभी राहिली आणि आधी उल्काकडे वळून, कुणी काही बोलायच्या आत, झालेलं सगळं सांगितलं: कोण कोण मध्ये आलं, काकू काय म्हणाल्या, आजी कुणाच्या शेजारी बसल्या. उल्काने मान हलवली. तिचे डोळे परत खोलीत आले.

बाळ खालून गेलं, वरून आलं. मंडळातल्या तिघींनी पाळणा म्हटला. सियाने तो शब्दाला शब्द धरून सांगितला नाही. तिने दोन्ही हात खांद्यापासून मोकळे केले आणि पाळण्याच्या लयीत सबंध अंगाने झुलत तो गायला, मिस लोरेनकडून उचललेल्या ऐसपैस हातांनी. अर्ध्या गोलातली माणसं तिच्याबरोबर झुलू लागली. काठीवाल्या आजीही.

मग रेणू बाळाच्या कानाशी वाकली.

सियाने हात खाली घेतले. रेणूला ते कडेच्या नजरेने दिसलं आणि आवडलं. कानातलं नाव आधी फक्त बाळाचं असतं, ते कुणाला सांगायचं नसतं, हे तिला कुणी पढवलं नव्हतं. पाठीवर धपाटे पडायला लागले. काकूंचा कडक, कुणाचे हलके, कुणाचे अंगठीसकट; डेफ मैत्रिणींना हा भाग फार पसंत पडला आणि त्यांनी तो मनसोक्त केला. शेवटचा धपाटा असा पडला की रेणू पाळण्यावर कोलमडता कोलमडता वाचली. वळून पाहिलं तर मिस लोरेन.

"नैना," रेणूने सरळ उभं राहून जाहीर केलं. सियाने एकेक अक्षर बोटांवर दाखवलं.

"आता खुणेचं नाव," ईशानने सांगितलं. ते डेफ माणसांनीच द्यायचं असतं, ऐकणाऱ्यांनी नाही, आत्यासुद्धा नाही.

"मग आत्याचं काय काम?" काकूंनी विचारलं.

"आत्याने कानातलं द्यायचं," सियाच्या तोंडून ईशान म्हणाला, "आईबापाने हातातलं." त्याने आणि उल्काने एकदम दोन बोटं डोळ्याच्या कडेला हलकेच टेकवली. अर्ध्या गोलाने ती खूण उचलली. मग मंडळाच्या बायकांनी. मग नरेंद्रकाकांनी, चुकीच्या डोळ्याशी.

जेवणाच्या वेळी मीनाक्षीबाई सवयीने म्हणाल्या, "रेणू, ईशानला विचार, पंगत आत्ता बसवू का?" रेणूच्या तोंडात गरम पुरी होती. घरच्या कार्यात गरम पुरी खाल्ल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने घास गिळायची घाई केली नाही. मीनाक्षीबाई शेवटी स्वतःच खोली ओलांडून मुलापाशी गेल्या, त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि जेवणाची खूण केली. ती त्यांना पहिल्यापासून येत होती. ईशानने उलट काहीतरी विचारलं. त्यांनी सियाला हाक मारली नाही. "पुन्हा," असं बोटाने दाखवलं, आणि त्याने पुन्हा सांगितलं, हळू.

चारच्या सुमारास पाहुणे पांगले. मागच्या डेकवर रेणू आणि मिस लोरेन बसल्या होत्या. आत शैलाकाकू सियाच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होत्या. काचेतून ते दिसत होतं. मिस लोरेनच्या मांडीवर घुगऱ्यांची वाटी होती आणि त्या एका हाताने खात, एका हाताने बोलत होत्या.

"आज तू हात बांधून ठेवलेस," त्या म्हणाल्या.

"बाळ होतं हातात."

"बाळ देता आलं असतं. मी बघत होते."

"आणि तिने स्वतः वाट काढली," रेणूने सांगितलं. "माझा हो कायम आहे. तुमचा?"

मिस लोरेनने वाटी खाली ठेवली. आता दोन्ही हात आले. "तिने जागा सोडली. आधी सोडली, मग मिळवली. ती मिळवायला एक काकू लागली. दवाखान्यात काकू कुठून आणणार?"

"तिथे नर्स असते. पेशंटची मुलगी असते. खोलीत सगळ्यांत जास्त कुणाचं चालतं ते ती ओळखते आणि त्यालाच कामाला लावते. गोऱ्या शिक्षकांनी तिला सांगितलं, कोपर मारून पुढे हो. ते तिला जमत नाही. हे जमतं. हेही जागा मिळवणंच आहे, मिस लोरेन."

"माझ्या वेळी कुणी काकू नव्हती."

"म्हणून तर तुम्ही आमच्यासाठी झालात."

गोड बोलून काम साधणं मिस लोरेनला चालत नाही हे रेणूला माहीत होतं, पण बोलून झालं होतं.

काचेचं दार सरकलं. सिया बाहेर आली, दोन्ही मनगटांत काचेचा खणखणाट घेऊन. "मिस लोरेन, निघायचं का? मी सोडते तुम्हाला." खुणा करताना बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या आणि ती लाजली.

मिस लोरेन उठल्या. हॅट नीट केली. मग सियाला विचारलं, "मंगळवारी सकाळी काय करतेस?"

"काही नाही."

"डरमला माझे हार्टचे डॉक्टर आहेत. उंच माणूस. खोलीत आला की सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. ऑपरेशन करायचं की नाही ते त्या दिवशी सांगणार आहे. इंटरप्रिटर म्हणून मी तुझं नाव दिलंय."

सियाने रेणूकडे पाहिलं. रेणूला या डॉक्टरबद्दल, या ऑपरेशनबद्दल काहीही माहीत नव्हतं. तिचे हात वर आले. "मी येऊ?"

"तू नाही," मिस लोरेन म्हणाल्या. "ही एकटी."

"म्हणजे तुमचा हो समजायचा?"

मिस लोरेनने वाटीतल्या उरलेल्या घुगऱ्या रुमालात बांधून घेतल्या आणि पायऱ्या उतरायला लागल्या. सिया बांगड्या सावरत त्यांच्या पुढे धावली, गाडीचं दार उघडायला. त्यांनी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. भेटीची वेळ मंगळवारी सकाळी नऊची होती.